चार अक्षरी चोर

गोष्ट २००६ सालची. मी तेव्हा अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस गावी ऑनसाईट होतो. 'ऑनसाईट' म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या उंच इमारती यायच्या. माझ्या डोळ्यांसमोर मात्र करड्या रंगाचं क्यूबिकल, खिडकीबाहेर बर्फ आणि स्क्रीनवर माझ्या जन्माआधी कोबॉलमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम! तो प्रोग्रॅम खऱ्या अर्थाने कळणारा टीममध्ये एकच माणूस होता. साठीचे गोरे गृहस्थ, पँटला पट्ट्याऐवजी सस्पेंडर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आम्ही देशी मंडळी त्यांच्या मागे त्यांना 'आजोबा' म्हणायचो.

आजोबा रोज बरोबर बाराला सँडविच काढायचे आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवायला बसायचे. अडले की कुणालाही विचारायचे. एक दिवस माझी पाळी आली.

"चार अक्षरं. तिजोरी फोडणारा."

मी बोटांवर अक्षरं मोजत बसलो. 'थीफ' पाच, 'रॉबर' सहा. शेवटी त्यांनीच लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. वाय, ई, जी, जी. येग.

"असा शब्द आहे?" मी.

"होता," आजोबा म्हणाले. "आता तो फक्त शब्दकोड्यांत राहतो."

झालं! हापिसात काम कमी नव्हतं, पण असलं काही डोक्यात शिरलं की मला चैन पडत नाही. (या पानावर नेहमी येणाऱ्या मंडळींना हा रोग ठाऊक आहेच.) त्या शनिवारी मी ग्रँट अ‍ॅव्हेन्यूवरच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो आणि संध्याकाळी लायब्ररीवाल्यांनी दिवे मालवेपर्यंत तिथेच बसलो. पुढचा सगळा हिवाळा मी अमेरिकेतल्या जुन्या चोरांच्या भाषेत घालवला. बाकीचे लोक स्कीइंग शिकले.

तर, येग. किंवा येगमन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द अमेरिकेत एकदम सगळीकडे ऐकू यायला लागला. पिंकर्टन या प्रसिद्ध खाजगी गुप्तहेर संस्थेच्या विल्यम पिंकर्टनने १९०४ साली पोलीसप्रमुखांच्या परिषदेत या जमातीवर अख्खं भाषण दिलं होतं. येग म्हणजे मालगाडीत चोरून बसून गावोगाव फिरणारा भटक्या. दिवसा भिकाऱ्यासारखा दिसणार, गावाबाहेर रुळांच्या कडेला शेकोटी करून राहणार आणि रात्री गावातल्या छोट्या बँकेची किंवा पोस्टाची तिजोरी उडवून पहाटेच्या मालगाडीने पसार होणार. मोठ्या शहरातल्या बँकांच्या वाटेला तो सहसा जायचा नाही. खेड्यातलं पोस्ट बरं. तिथे पहारा नसतो आणि तिकिटंसुद्धा विकता येतात.

'येग' आला कुठून? एका कथेप्रमाणे जॉन येग नावाचा कुणी आद्य तिजोरीफोड्या होऊन गेला. दुसरी कथा सांगते की जर्मन भाषेत शिकाऱ्याला 'येगर' म्हणतात, त्यावरून. तिसरी तर थेट चिनी भाषेतल्या भिकाऱ्यापर्यंत जाते. यातलं एकही सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडे कसं, जुन्या सिस्टीममध्ये एखादा व्हेरिएबल असतो, त्याचं नाव असं का ठेवलं ते कुणालाच माहीत नसतं आणि प्रत्येकाकडे एकेक थिअरी असते. तसंच.

येगच्या हत्याराचं नाव होतं 'सूप'. हे सूप म्हणजे नायट्रोग्लिसरीन! जरा धक्का लागला तरी उडणारं पिवळसर तेल. हे लोक ते खिशात, बाटलीत घेऊन हिंडायचे आणि त्याला 'सूप' किंवा 'ग्रीस' म्हणायचे. मला वाटतं, ज्या गोष्टीने आपल्या चिंधड्या होऊ शकतात तिला रोज खऱ्या नावाने हाक मारणं माणसाला जमत नसावं.

गावात आधी जाऊन बातमी काढणारा पोऱ्या म्हणजे 'गे कॅट'. त्या काळी याचा अर्थ एवढाच, की धंद्यात नवा, अजून पुरता न मुरलेला भटक्या. बँक कुठे आहे, रात्री कोण जागं असतं, कुत्रं आहे का, हे बघून येणं त्याचं काम. आपल्या भाषेत ट्रेनी. बँक म्हणजे 'जग', आपण पाण्याचा म्हणतो तोच. आणि गंमत म्हणजे तुरुंगालाही 'जग'च. सकाळी ज्या जगातून बाहेर पडायचं, दुपारी त्याच नावाच्या दुसऱ्या जगात जाऊन पडायचं!

तिजोरीची नावं दोन. जुनं नाव 'पीटर'. हे इंग्लंडहून आलेलं. तिकडे आधी पेटीला, प्रवासी ट्रंकेला पीटर म्हणत आणि घोडागाडीच्या मागे बांधलेल्या ट्रंका पळवणाऱ्याला 'पीटरमन'. पुढे ट्रंकेची तिजोरी झाली, चोरानेही बढती घेतली, नाव तेच राहिलं. दुसरं नाव अस्सल कामगारी: 'बॉक्स'. तिजोरी म्हणजे बॉक्स, ती उघडणारा 'बॉक्समन'. हॅरी किंग नावाच्या एका धंदेवाईक चोराची आत्मकथा १९७२ मध्ये याच नावाने छापली गेली. हे वाचलं त्या सोमवारी आमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "बॉक्स डाऊन आहे, आत शिरता येत नाहीये." मला एकट्यालाच हसू आलं. सर्व्हरला बॉक्स म्हणणारे आम्ही आणि तिजोरीला बॉक्स म्हणणारे ते, दोघांचा काही संबंध नाही. पण रात्री दोन वाजता बंद बॉक्ससमोर बसलेल्या माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखाच असणार.

मग पायऱ्या. चोर म्हणजे चोर, असं आपण बाहेरचे म्हणतो. आत मात्र आमच्या हापिसातल्या डेझिग्नेशनपेक्षा कडक उतरंड. वरच्या मजल्याच्या खिडकीतून शिरणारा तो 'सेकंड-स्टोरी मॅन'. पुढच्या ओसरीच्या खांबावरून चढणारा 'पोर्च क्लाइंबर'. नुसत्या घणाने तिजोरीची चकती पाडणारा 'नॉब-नॉकर'. त्याच्याकडे सूपवाले जरा तुच्छतेने बघायचे. दार उचकटायची कटावणी म्हणजे 'जिमी'. जेम्सचं लाडाचं नाव! त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये तिला 'बेट्टी' म्हणत. हत्यारांना घरातल्या माणसांची नावं. आणि उतरंडीत सगळ्यात खाली 'गूजबेरी ले', म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे पळवणं.

या गूजबेरीची एक मस्त गोष्ट आहे. डॅशिएल हॅमेट हा लेखक आधी पिंकर्टनचा गुप्तहेर होता, त्यामुळे ही भाषा त्याला तोंडपाठ. त्याचा संपादक फार सोवळा, अश्लील वाटेल ते कापायचा. अर्ल स्टॅन्ली गार्डनरने सांगितलेली हकीकत अशी, की हॅमेटने मुद्दाम 'गूजबेरी ले' हा निरुपद्रवी शब्द घातला. संपादकाला वाटलं, हे काहीतरी भयंकर असणार. त्याने तो लगेच कापला. त्याच वेळी 'गन्सेल' हा शब्द मात्र त्याने जाऊ दिला. त्यात 'गन' दिसतंय, म्हणजे बंदूकवाला असेल, असं त्याला वाटलं. मुळात तो यिडिश भाषेतला हंसाच्या पिल्लाचा शब्द आणि चोरांच्या भाषेत त्याचा अर्थ एखाद्या पुरुषाने 'ठेवलेला' पोरगा. 'द माल्टीज फाल्कन' १९३० साली पुस्तकरूपात आलं आणि तेव्हापासून सगळी अमेरिका गन्सेलचा अर्थ बंदूकवाला असाच समजते. कोड रिव्ह्यूमध्ये एक उघड चूक ठेवायची, म्हणजे रिव्ह्यूअर तिच्यावर खूष होतो आणि बाकीचं मंजूर करतो. ही युक्ती मी पुढे पुष्कळदा वापरली. :)

हे शब्द टिपून ठेवणारे लोकही अजब. न्यूयॉर्कचा पोलीसप्रमुख राहिलेला जॉर्ज मॅटसेल, याने १८५९ मध्ये चोरांच्या भाषेचा कोशच छापला, 'व्होकॅब्युलम' नावाचा. पुढे लुइव्हिल विद्यापीठातला डेव्हिड मॉरर हा भाषाशास्त्रज्ञ आयुष्यभर खिसेकापू, ठग आणि हातभट्टीवाले यांच्यात बसून शब्द गोळा करत राहिला. यातले कित्येक शब्द आज सभ्य माणसांच्या तोंडी आहेत. 'पॅल' घ्या. आज शाळकरी पोरंही दोस्ताला पॅल म्हणतात. एकेकाळी हा चोरांचा शब्द होता, धंद्यातला साथीदार या अर्थाचा. तो आला रोमानी भाषेतल्या 'फ्राल'वरून, म्हणजे भाऊ. रोमानी ही भारतातून बाहेर पडलेल्या लोकांची भाषा. तेव्हा हा फ्राल आणि संस्कृतमधला भ्रातृ एकाच घरचे; आपला 'भाऊ'ही तिथलाच. म्हणजे चोराने साथीदाराला मारलेली हाक आणि मी माझ्या थोरल्या भावाला मारतो ती हाक, दोन्ही मुळात एकच. हे वाचून मी लायब्ररीत मोठ्याने "आयला!" म्हटलं आणि शेजारच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं.

इथपर्यंत सगळी मजाच होती. मग एक गोष्ट खटकायला लागली.

या शब्दांच्या याद्यांत तिजोरीला नाव आहे, दारूगोळ्याला आहे, कटावणीला आहे, बाहेर पहारा देणाऱ्या साथीदाराला आहे. पोलीस 'बुल', चोरीचा माल घेणारा 'फेन्स'. पण ती तिजोरी सकाळी दहाला जो माणूस उघडणार आणि आत काही नाही हे ज्याला आधी दिसणार, त्याच्यासाठी खास असा शब्द मला सापडेना. कॅशियर. मी वाचलेल्या पानांत तो फक्त 'कॅशियर' म्हणूनच यायचा.

आणि यायचा तेव्हा वाईट तऱ्हेने यायचा. जानेवारी १८७६. मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थॅम्प्टन. मध्यरात्री मुखवटे घातलेले लोक बँकेचा कॅशियर जॉन व्हिटल्सी याच्या घरात शिरले, सगळ्या घराला बांधून ठेवलं आणि त्याला छळून तिजोरीचे आकडे काढून घेतले. बँकेतून दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचा ऐवज गेला. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला मिनेसोटामधल्या नॉर्थफील्ड गावी जेसी जेम्सची टोळी भरदिवसा बँकेत घुसली. खरा कॅशियर फिलाडेल्फियाचं मोठं प्रदर्शन बघायला गेलेला. त्याच्या जागी जोसेफ हेवूड नावाचा हिशेबनीस बसला होता. तिजोरीला टाइम लॉक आहे, आता उघडणार नाही, एवढंच तो सांगत राहिला. त्यांनी त्याला मारहाण केली, शेवटी गोळी घातली. तिजोरीचं दार तेव्हा नुसतं लोटलेलं होतं, कुलूप लागलेलंच नव्हतं, असं नंतर सांगितलं गेलं. टोळीच्या हाती लागले सव्वीस डॉलर आणि काही सेंट.

हा टाइम लॉक म्हणजे रॉचेस्टरच्या जेम्स सार्जंटने १८७३ मध्ये बाजारात आणलेली वस्तू. दाराच्या आत घड्याळ. ठरलेली वेळ झाल्याशिवाय बरोबर आकडे लावले तरी दार उघडत नाही. आम्ही इंजिनियर लोक याकडे चोराविरुद्धचं तंत्र म्हणून बघतो. मला त्या दिवशी वाटलं, ही तर कॅशियरची सोय आहे. रात्री त्याच्या कपाळाला पिस्तूल लावून काही उपयोग नाही, कारण उघडणं त्याच्या हातातच राहिलेलं नाही. त्याच्या बायकापोरांना बांधून काही उपयोग नाही. आणि सकाळी कुणी त्याच्याकडे संशयाने बघायचंही कारण नाही.

तिजोरी आणि संशय यांची अजून एक गोष्ट. रिचर्ड फाइनमनला लॉस अ‍ॅलॅमॉसला अणुबॉम्बच्या प्रकल्पावर असताना कुलपं उघडायचा नाद लागला होता. ओक रिजच्या एका कर्नलला त्याने दाखवून दिलं, की तिजोरी दिवसा उघडी ठेवली तर तिचे शेवटचे दोन आकडे सहज काढता येतात, तेव्हा लोकांना काम चालू असताना ती बंद ठेवायला सांगा. कर्नलने काय करावं? सगळ्यांना चिठ्ठी पाठवली: फाइनमन तुमच्या खोलीत येऊन गेले असतील तर आपले आकडे बदला! कुलूप तसंच राहिलं आणि माणूस संशयित ठरला. सिक्युरिटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ही चिठ्ठी अजून फिरते आहे.

आता मला एवढं का खटकलं ते सांगायला हवं. या पानावर मी हे कधी लिहिलेलं नाही.

माझे बाबा बँकेत हेड कॅशियर होते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. १९९१ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी हिशेब लागेना. दहा हजार रुपये कमी. शंभराच्या नोटांचं एक बंडल. रात्री अकरापर्यंत मोजामोज झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून ती रक्कम भरली. भरली म्हणजे 'घेतले असणार, म्हणून तर भरले', असा अर्थ गावाने काढला. मग निलंबन. अर्धा पगार, त्याला 'निर्वाह भत्ता' म्हणतात हे मला तेव्हाच कळलं. सात महिने बाबा घरी होते. सकाळी नेहमीच्या वेळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून ओसरीवर बसायचे.

मी सातवीत होतो. मधल्या सुट्टीत एका पोराने मला हाक मारली, "ए चोराच्या!" एवढंच. अमेरिकेतल्या चोरांना येग, पीटरमन, बॉक्समन असे केवढे शब्द. माझ्या बाबांना मात्र एकच, तोही फुकटचा. मी घरी आलो. बाबा ओसरीवर सायकलच्या चेनला तेल घालत होते. मी दप्तरही न ठेवता विचारलं, "बाबा, तुम्ही घेतले का हो पैसे?"

त्यांनी वर बघितलं. मग परत चेनकडे बघितलं. "जा, हातपाय धू," म्हणाले.

ऑक्टोबरात ते पैसे सापडले. दुसऱ्या शाखेला रोकड पाठवताना एक बंडल जास्त गेलं होतं. त्या शाखेने ते इमानदारीत 'सस्पेन्स' खात्यात जमा करून ठेवलं होतं, आणि कळवायचं राहून गेलं होतं. बाबांना सन्मानाने कामावर घेतलं, पैसे परत मिळाले, एक पत्रही आलं. गावात कुणाला ते पत्र दाखवत फिरणार? 'सस्पेन्स खातं' म्हणजे काय ते गावाला समजावणार कोण? बदली मागून आम्ही पुण्याला आलो. माझ्या प्रश्नाबद्दल आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही.

परत कोलंबस. तिथल्या हॉकीच्या मोठ्या स्टेडियमच्या आसपासचा भाग मला आवडायचा. विटांची छान हॉटेलं, छोटी बाग. आजोबांनी मला एकदा सांगितलं, की इथे ओहायोचा जुना तुरुंग होता. १८३४ मध्ये सुरू झालेला. १९३० च्या आगीत तिथे ३२२ कैदी मेले. १९८४ मध्ये तुरुंग बंद झाला, पुढे पाडला, आणि २००० साली शेजारी स्टेडियम उभं राहिलं. आणि याच तुरुंगात १८९८ ते १९०१ विल्यम सिडनी पोर्टर नावाचा एक कैदी औषधांच्या खोलीत रात्रपाळी करायचा. हाच ओ. हेन्री!

हा ऑस्टिनच्या बँकेत टेलर होता. साडेआठशे डॉलरच्या आसपास अफरातफर केल्याचा आरोप. खटल्याआधी पळाला, होंडुरासला गेला, बायको शेवटच्या आजारात आहे कळल्यावर परत आला. शिक्षा पाच वर्षांची, सुटला तीन वर्षं तीन महिन्यांनी. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलं होतं, की बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत. त्याने ही गोष्ट मरेपर्यंत लपवली. तो गेला १९१० साली, आणि जगाला हे कळलं १९१६ मध्ये चरित्र छापून आलं तेव्हा.

त्याची १९०३ मधली एक कथा आम्हाला शाळेत इंग्रजीच्या सरांनी वाचून दाखवली होती. जिमी व्हॅलेंटाइन हा अट्टल तिजोरीफोड्या, सुधारतो, लग्न ठरतं. बँकेच्या नव्या तिजोरीत एक लहान मुलगी अडकते. जिमी सगळ्यांसमोर आपली जुनी हत्यारं काढून तिला सोडवतो, आणि त्याला पकडायला आलेला डिटेक्टिव्ह बेन प्राइस त्याला ओळखच दाखवत नाही. त्याच तुरुंगात असलेल्या अल जेनिंग्ज या रेल्वे दरोडेखोराने १९२१ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं, की हा जिमी खरा होता. त्याचं नाव डिक प्राइस. एका कंपनीच्या तिजोरीत महत्त्वाचे कागद अडकले होते. ती उघडून दिलीस तर माफी मिळेल, असं त्याला वचन दिलं गेलं. त्याने बोटांची नखं जिव्हाळी लागेपर्यंत घासली, उघड्या मांसाने चकतीची थरथर ओळखली आणि तिजोरी काही क्षणांत उघडून दिली. माफी मिळाली नाही. तो तुरुंगातच मेला.

जेनिंग्ज थापा मारण्यात पटाईत होता, त्यामुळे यातलं किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा. पण ओ. हेन्रीची कथा परत वाचली तर तिच्या सुरुवातीलाच जिमीला गव्हर्नरची माफी मिळते. आणि शेवटी त्याला सोडून देणाऱ्या डिटेक्टिव्हचं आडनाव आहे प्राइस.

२००७ च्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा आठवडे माझ्याकडे आले होते. एका संध्याकाळी आई घरी फोनवर, म्हणून बाबा आणि मी दोघंच त्या बागेत फिरायला गेलो. मी त्यांना हे सगळं सांगत होतो: येग, सूप, पीटर. बाबा खूप हसले. मग तुरुंग, मग ओ. हेन्री. तिथे ते थांबले.

"घेतले होते का रे त्यानं पैसे?"

"नक्की कुणी सांगत नाही, बाबा. बँकेचा कारभार ढिला होता, एवढं सगळे म्हणतात."

"हं." थोडं चालल्यावर म्हणाले, "आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, एक माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. पण पैसे कमी पडले की एकच किल्ली आठवते सगळ्यांना."

मग पुन्हा, "त्याच्या मुलीनं विचारलं नसेल नाही त्याला कधी?"

सोळा वर्षं मी ज्याची वाट चुकवत होतो ते वाक्य असं अचानक समोर येऊन उभं राहिलं. मी म्हटलं, "मी विचारलं होतं, बाबा."

"हो. आठवतंय ना."

"चुकलं माझं."

"चुकलं काय त्यात? तू विचारलंस तरी. बाकीच्यांनी परस्पर ठरवलं."

"मग सांगितलं का नाहीत तेव्हा? नाही म्हणायचं ना नुसतं."

बाबांनी विचार केला. हिशेबाची बाब असावी तसा. "उत्तर होतं रे माझ्याकडे," ते म्हणाले, "व्हाउचर नव्हतं."

आम्ही गाडीपाशी आलो. बाहेर पडताना पार्किंगवाल्याच्या खिडकीशी मी काही डॉलर आणि चिल्लर काढली. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली, मोजली, परत एकदा मोजली, आणि मग मला द्यायला दिली.